शेण, गॅस आणि पिण्याचे पाणी : पुरा गावचा सामुदायिक प्रयोग

गोबरगॅस संयंत्र म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. घरच्या चार-सहा जनावरांच्या शेणावर चालणारी संयंत्रे आपल्या राज्यात फार मोठ्या संख्येने बांधली गेली आहेत. घरगुती संयंत्राचा व्यवहार सोपा असतो. गोठा एकाचा, स्वयंपाकघर त्याचेच आणि निघालेले खतही त्याच्याच शेतात जावयाचे. परंतु साऱ्या गावाने मिळून एकच संयंत्र चालवावयाचे म्हटले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. शेण कोणी किती आणावयाचे, गॅस कोणास किती मिळावयाचा, आणि ज्याने शेण आणले नाही त्याचे काय करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्रशाळेत तयार मिळत नाहीत.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या गोबरधन योजनेमुळे सामुदायिक संयंत्राचा विषय ग्रामपंचायतींपुढे पुन्हा आला आहे. यास्तव कर्नाटक राज्यातील पुरा नावाच्या लहानशा गावी झालेला प्रयोग ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे उपयुक्त होईल. हा प्रयोग बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी केला. त्याचा पहिला भाग फसला आणि दुसरा भाग सुमारे दशकभर उत्तम चालला. दोन्ही भागांत गाव तेच होते, शेण तेच होते आणि माणसेही तीच होती. मग फरक कोठे पडला, हे पाहण्यासारखे आहे.

संस्था आणि खेडे

भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली आणि १९५८ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विमानविद्या, धातुविद्या, विद्युत्-अभियांत्रिकी अशा विषयांत तिचे नाव होते, परंतु खेड्यातील चूल, विहीर व गोठा हे विषय तेथील प्रयोगशाळांत फारसे शिरले नव्हते. १९७४ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रविद्या उपयोगात आणण्याकरिता एक स्वतंत्र गट उभा केला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘अस्त्र’ या नावाने ओळखला जाऊ लागला. नाव लढाऊ असले तरी काम शेणाचे, मातीचे व सरपणाचे होते. रसायनशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंते व यंत्र अभियंते एका टेबलाशी बसून चुलीचा विचार करीत आहेत, हे दृश्य त्या काळी आपल्या देशातील विद्यापीठांत दुर्मिळ होते.

या गटाने बंगलोरपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर, तुमकूर जिल्ह्यातील कुणिगल तालुक्यात, उंग्रा या गावी आपले विस्तार केंद्र काढले. प्रथम कोणतेही यंत्र न नेता परिसरातील सहा खेड्यांची पाहणी करण्यात आली. कोणत्या घरी किती सरपण जळते, ते कोण आणते, पाणी कोण भरते, गुरे कोण राखते, शेतात किती तास कोण राबते, याची घरोघर नोंद झाली. पुरा हे त्या सहा गावांपैकी एक होते.

पाहणीतून निघालेली एक गोष्ट विशेष मननीय आहे. त्या खेड्यांतील एकंदर मानवी श्रमाच्या तासांपैकी ५३ टक्के तास स्त्रियांचे, ३१ टक्के पुरुषांचे आणि १६ टक्के मुलांचे होते. शेतीतील कष्ट डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण तेवढेच मोजतो. सरपण, पाणी व स्वयंपाक यांत जाणारे कष्ट कोणत्याच वहीत येत नाहीत. तसेच खेड्यात वापरल्या जाणाऱ्या इंधनाचा फार मोठा भाग एकट्या स्वयंपाकात जळतो, हेही या पाहणीने आकड्यांनिशी दाखविले.

पहिला प्रयत्न का फसला

सर्वांत अधिक इंधन चुलीत जळते, तेव्हा चुलीलाच गॅस द्यावा, असा विचार होणे साहजिक होते. स्त्रियांची सरपणाची पायपीट वाचेल, धूर जाईल आणि झाडे वाचतील, असा तो हेतू होता व तो चांगलाच होता. गटाने तत्पूर्वी संयंत्राच्या रचनेवरही बरेच संशोधन केले होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या पद्धतीची विहीर खोल व अरुंद असे. मोजमापे घेऊन पाहता, विहीर उथळ व रुंद केली आणि शेणकाला आत राहण्याचे दिवस कमी केले तरी गॅस पुरेसा निघतो, असे आढळून आले. त्यामुळे बांधकामाचा खर्च पूर्वीच्या मानाने सुमारे २५ ते ४० टक्क्यांनी कमी करता आला. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे मोठेच यश होते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी पुरा गावी स्वयंपाकाच्या गॅससाठी सामुदायिक संयंत्राचा प्रयत्न झाला आणि तो टिकला नाही. कारण प्रथम आकड्यांत पाहू. वाचकांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा, कारण तो आपल्या गावासही लावता येतो.

समजा, एका गावात ४५० माणसे व २४० गुरे आहेत. पुरा गावही साधारण याच आकाराचे होते. पुस्तकात दर जनावरामागे रोज १० किलो शेण धरतात. पण चरावयास जाणाऱ्या जनावराचे बरेचसे शेण रानात पडते आणि गोठ्यात हाती लागते ते पुरा गावच्या अनुभवाप्रमाणे सुमारे ७ किलोच. म्हणजे गावात रोज १,६८० किलो शेण मिळाले. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ३६ लिटर गॅस निघतो असे धरले, तर रोजचा गॅस ६० घनमीटर झाला. आता गरज पाहा. स्वयंपाकास दर माणशी रोज सुमारे पाव घनमीटर गॅस लागतो. ४५० माणसांना ११२ घनमीटर हवा. गावातील शेणाची शेवटची पाटी आणून टाकली तरी निम्म्याच स्वयंपाकाला गॅस पुरणार. शिवाय शेवटची पाटी कधीच येत नसते. कोणी गोवऱ्या थापतो, कोणी उकिरड्यावरच टाकतो, कोणाच्या घरी सारवणाला लागते.

एखाद्या घरी सकाळचा गॅस मिळाला आणि संध्याकाळचा मिळाला नाही, तर त्या घरी सरपणाचा भारा आणावाच लागतो. मग गॅसने वाचविले काय? आणि अर्धवट लाभासाठी रोज शेणाची पाटी डोक्यावरून कोण नेणार? अशा रीतीने शेण कमी येते, म्हणून गॅस कमी पडतो, आणि गॅस कमी पडतो म्हणून शेण आणखी कमी येते.

दुसरे कारण आकड्यांपलीकडचे होते व ते अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे. सरपणासाठी गावकऱ्यांना पदरचा पैसा घालावा लागत नव्हता. ते रानातून, बांधावरून गोळा होई आणि गोळा करणाऱ्या बहुधा स्त्रिया व मुले असत. निर्णय घेणाऱ्या पुरुषांच्या दृष्टीने ही अडचण अडचणच नव्हती. गावाला निकडीने हवे होते ते पिण्याचे पाणी. गावकरी उघड्या तलावाचे पाणी भरीत असत. त्यांनी शास्त्रज्ञांपुढे पाण्याचा प्रश्न मांडला आणि पुढच्या सहकार्याचा मार्ग तेथूनच निघाला. पाहणीच्या शेकडो प्रश्नांत ‘तुम्हांला प्रथम काय हवे’ हा प्रश्न तेवढा मागे राहिला होता. असे सुशिक्षितांच्या हातून वारंवार घडते.

तेच शेण, वेगळा उपयोग

गॅस चुलीत न जाळता एंजिनात जाळला तर? डिझेल एंजिनाच्या हवेच्या वाटेत गोबरगॅस सोडला की एंजिन दोन्ही इंधनांवर चालते. ठिणगीची योजना नसल्यामुळे थोडे डिझेल लागतेच, परंतु बाकी शक्ती गॅस पुरवितो व डिझेलची मोठी बचत होते. एंजिनाला जनित्र जोडले की वीज तयार होते. त्या विजेवर विंधनविहिरीतला पंप चालेल आणि घरोघर दिवेही लागतील.

वरचाच हिशेब आता पुन्हा मांडू. ७ अश्वशक्तीचे एंजिन रोज ५ तास चालविले, तर ३५ अश्वशक्ती-तास झाले. दर अश्वशक्ती-तासाला अर्धा घनमीटर गॅस धरला, तर एकूण साडेसतरा घनमीटर गॅस लागेल. त्यासाठी सुमारे ४८६ किलो शेण पुरते. म्हणजे गावातील हाती लागणाऱ्या शेणाचा तिसरा हिस्सादेखील नाही. जे शेण स्वयंपाकाला निम्मे पडत होते, तेच पाण्याला व उजेडाला पुरून उरते. गावात ८५ घरे असली तर सरासरीने घरटी सहा किलोंहूनही कमी शेण रोज यावयास हवे, आणि एवढे तर एका जनावराच्या गोठ्यातूनही निघते. काही घरांनी चार दिवस शेण आणले नाही तरी काम अडत नाही. सार्वजनिक कामात असा मोकळा भाग ठेवणे फार जरुरीचे असते. शंभर टक्के सहकार्य मिळेल या गृहीतावर आखलेली योजना पहिल्याच लग्नसराईत बंद पडते.

या विचाराने उभारलेली वीज-व्यवस्था पुरा गावी १९८७ साली सुरू झाली. जनित्र सुमारे ५ किलोवॉटचे होते. दिव्यांसाठी २० वॉटच्या नळ्या बसविण्यात आल्या. विंधनविहिरीवर पाण्यात बुडून चालणारा पंप बसवून त्याचे पाणी नळाने गावात आणले गेले. सरकारी विजेच्या तारा गावात पूर्वीच आल्या होत्या, पण सर्व घरांत जोडणी पोहोचली नव्हती. गावच्या शेणावर तयार झालेली वीज अशा घरांतही गेली.

संयंत्राच्या रचनेतील एका भागाकडे शेतकऱ्यांनी अवश्य लक्ष द्यावे. विहिरीतून बाहेर पडणारा शेणकाला पातळ असतो व तो वाहून नेणे अवघड जाते. पुरा गावी त्यासाठी वाळूचे गाळणथर केले होते. शेणकाला या थरांवर पसरला की पाणी खाली निथळते आणि वर घट्ट खत राहते. निथळलेले पाणी पुन्हा ताजे शेण कालविण्यास वापरीत, त्यामुळे नवे पाणी फारच थोडे लागे. जेथे पाण्याची टंचाई आहे व जेथे शेणाइतकेच पाणी रोज कोठून आणावे या विवंचनेने घरगुती संयंत्रेही बंद पडली आहेत, तेथे ही साधी युक्ती मोलाची आहे. यात वाळू, विटा व थोडी जागा एवढेच लागते.

घट्ट झालेले खत, ज्याने जितके शेण दिले त्याला त्या प्रमाणात परत मिळे. उन्हात उघड्या पडलेल्या उकिरड्यातून नत्राचा बराच अंश हवेत निघून जातो. बंद विहिरीत शेण कुजताना तो बव्हंशी टिकतो व तणांचे बी पुष्कळ अंशी मरते. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने तो शेण ‘देत’ नव्हता. तो शेण ठेवावयास देत होता आणि अधिक कसदार खत परत नेत होता. आमच्या मते संबंध योजनेतील हा विचार सर्वांत शहाणपणाचा होता. शेणखतावर ज्याची शेती अवलंबून आहे, त्याच्या गोठ्यातील शेण केवळ सार्वजनिक हिताच्या नावाने नेता येत नाही.

दोन पैसे किलो

शेण संयंत्रापर्यंत पोहोचविण्याबद्दल किलोमागे २ पैसे देण्याची पद्धत ठेवली होती. शेण आणले की ते काट्यावर तोलले जाई व त्याची नोंद होई. रक्कम लहान होती. ५० किलो शेणाला १ रुपया! पण ती कोणाच्या हाती पडे हे पाहावे. शेण आणणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया व मुले होती आणि पैसा त्यांनाच मिळे. ज्या कामाला आजवर कोणी काम म्हटले नव्हते, त्याला वजन आले, नोंद आली आणि मोबदला आला. पुन्हा, शेणाची किंमत न देता शेण आणण्याचे श्रममूल्य द्यावयाचे, हा भेदही विचारपूर्वक केलेला होता. शेण मालकाचेच राही, कारण त्याचे खत मालकास परत जावयाचे होते.

काटा व वही यांचे आणखी एक काम असते. सामुदायिक कामात भांडणे होतात ती बहुधा ‘मी जास्त दिले, त्याने कमी दिले’ या कारणावरून होतात. सर्वांसमक्ष तोललेल्या शेणाबद्दल वाद घालावयास जागा राहत नाही. सहकारी दूध संस्थांत मापाची व नोंदवहीची व्यवस्था असते, तिचे महत्त्व आपल्याकडील शेतकरी जाणतातच.

व्यवस्था पाहण्यासाठी गावची ग्रामविकास सभा होती. रोजचे काम गावातीलच तरुणांना शिकवून त्यांच्याकडे सोपविले होते. एंजिन सुरू करणे, शेण कालवणे, हिशेब लिहिणे, ठरलेल्या वेळी पाणी सोडणे व दिवे लावणे ही कामे शहरातून आलेल्या तंत्रज्ञावाचून चालू लागली. दिव्यांसाठी ग्राहकांनी दरमहा आकार द्यावयाचा होता.

सामाईक मालमत्तेची नासाडी होते, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. गायरानात ज्याने एक गुरू जास्त सोडले त्याचा फायदा होतो आणि गायरान उजाड झाल्याचे नुकसान सर्वांत वाटले जाते. मग पुरा गावी असे का झाले नाही? याची मीमांसा रेड्डी यांनी पुढे आपल्या लेखनात केली आहे. तिचा आशय असा की, येथे प्रत्येकाचा स्वार्थ व गावाचा स्वार्थ एकाच दिशेने जात होते. शेण कमी आले तर एंजिन बंद, एंजिन बंद तर त्याच संध्याकाळी अंधार आणि नळ कोरडा. गायरानाच्या नाशाचे दुःख दहा वर्षांनी कळते, येथे ते सूर्यास्तालाच कळे. शिवाय तो अंधार शेण न आणणाऱ्याच्याही घरात पडे आणि शेजारीपाजारी त्याला विचारल्यावाचून राहत नसत. अशा ठिकाणी अधिकाऱ्याने दंड बसविण्याची गरज उरत नाही.

तथापि एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हे सर्व आपोआप घडले असे कोणी समजू नये. विज्ञान संस्थेतील मंडळींचे गावात वर्षानुवर्षे जाणे-येणे होते, एक प्रयत्न फसल्यावरही ते गाव सोडून गेले नाहीत आणि गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून त्यांनी आपला आराखडा बदलला. लेख छापून झाल्यावर खेड्याकडे पाठ फिरविणारे संशोधन आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

चुलीचे काय झाले

स्वयंपाकाचा प्रश्न यामुळे सुटला नव्हता आणि गटानेही तो सोडून दिला नाही. शेण अपुरे आहे हे कळल्यावर त्यांनी सरपणच कमी कसे जळेल हे पाहिले. तीन भांडी एका वेळी चढतील अशी, बंद अग्निकोष्ठाची व धुराडे असलेली चूल याच संस्थेत तयार झाली. कानडीत चुलीला ओले म्हणतात, म्हणून ती ‘अस्त्र ओले’ या नावाने प्रसिद्ध झाली. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा दहावा हिस्साही पुष्कळदा भांड्याला लागत नाही. या चुलीने प्रयोगशाळेतील चाचण्यांत ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास नेले. पुढे ती कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आली. मातीच्या दाबून केलेल्या विटांचे यंत्र व लाकडापासून ज्वलनवायू तयार करून त्यावर वीज निर्माण करण्याचा प्रयोग, हीही याच संस्थेची कामे होत. लाकडाच्या वायूवरची वीज १९८८ पासून तुमकूर जिल्ह्यातीलच होसहळ्ळी गावी वापरात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रविद्येसाठी स्वतंत्र केंद्र निघाले ते १९८५ साली. त्या कामाचा परिचय स्वतंत्रपणे करून देणे योग्य ठरेल.

शेवट आणि आजची परिस्थिती

पुरा गावची व्यवस्था सुमारे दहा वर्षे चालली व नंतर बंद पडली. आसपासच्या आणखी काही खेड्यांतही तिचे अनुकरण झाले होते, पण एका गावात संस्थेच्या लोकांनी जे लक्ष घातले ते अनेक गावांत शासकीय यंत्रणेमार्फत घालणे सोपे नव्हते. काम सुरू करणाऱ्याने ते दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे कसे, हा विस्तारकार्यातील अवघड प्रश्न आहे. ज्या दिवशी संयंत्राची पायाभरणी होते, त्याच दिवशी पाच वर्षांनंतर एंजिनाचे सुटे भाग कोण आणणार, हे नावानिशी ठरलेले असावे लागते.

आज बहुतेक खेड्यांत वीज आहे आणि घरोघर सिलिंडरही पोहोचले आहेत. तेव्हा पुरा गावचा आराखडा जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. परंतु हिशेबाची पद्धत व प्रश्न विचारण्याची पद्धत उचलता येते. गुरांची संख्या अनेक गावांत घटली आहे. उलट जेथे संकरित गाई गोठ्यातच बांधून पोसल्या जातात, तेथे शेण अधिक व एकाच जागी मिळते. दुधाच्या पट्ट्यातील गावात आज सामुदायिक गॅसचा उपयोग दूध संकलन केंद्राच्या शीतयंत्राला, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या स्वयंपाकाला, नाहीतर पाणीपुरवठ्याच्या पंपाला अधिक होईल. कोणता उपयोग अधिक हे त्या गावानेच सांगावयाचे आहे.

ज्या ग्रामपंचायतीचा असे संयंत्र घेण्याचा विचार असेल, तेथील ग्रामसेवकाने अर्ज भरण्यापूर्वी पुढील काम करावे. पशुगणनेच्या आकड्यावर विसंबू नये. एक तराजू घेऊन सकाळी गोठ्यांत जावे आणि निरनिराळ्या वस्त्यांतील वीस-पंचवीस घरांचे शेण लागोपाठ तीन दिवस प्रत्यक्ष तोलावे. हेच काम पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा करावे, कारण हिरवा चारा असतो तेव्हाचे शेण व कडबा असतो तेव्हाचे शेण यांत अंतर पडते. मेंढपाळांची व चरावयास बाहेर राहणारी जनावरे हिशेबातून वगळावीत. आलेल्या सरासरीतून गोवऱ्यांसाठी व सारवणासाठी लागणारे शेण वजा करावे, आणि उरेल त्याच्या निम्मेच शेण रोज संयंत्रावर येईल असे धरून किलोला ३६ लिटरप्रमाणे गॅस काढावा. थंडीत गॅस कमी निघतो, तेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर गॅसचा उपयोग कोणता, याची चर्चा ग्रामसभेत करावी. त्या ग्रामसभेपूर्वी महिला ग्रामसभा भरवून तिचे म्हणणे अगोदर लिहून घ्यावे, कारण शेणाची पाटी ज्यांच्या डोक्यावरून जावयाची आहे त्या ग्रामसभेत बहुधा मागे बसतात. शेण आणण्याचा मोबदला किती, तो कोणाच्या नावे जमा होणार, खत कोणत्या प्रमाणात परत मिळणार आणि वाळूच्या गाळणथरांसाठी जागा कोणती, या चार गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. एंजिन घ्यावयाचे असेल तर गॅसमधील गंधकयुक्त वायूमुळे त्याचे भाग झिजतात, म्हणून गॅस लोखंडाच्या किसातून गाळून घेण्याची व नळीत साठणारे पाणी रोज काढण्याची तजवीज आराखड्यातच असावी, आणि ते काम ज्या तरुणाकडे द्यावयाचे त्याला पायाभरणीपूर्वीच शिकावयास पाठवावे.